एक विषय जादा घ्यावा का?



दहावीचा निकाल लागला की घराघरांत एक प्रश्न निघतो. मुलगी अकरावीला सायन्सला जाणार असेल, तर गणित ठेवायचं, जीवशास्त्र ठेवायचं, की दोन्ही? दोन्ही घेतले तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, असं सर सांगतात. आजी म्हणते, पोरीला झेपेल का? वडील क्लासच्या फीचा हिशेब मांडतात. आणि जिला अभ्यास करायचाय ती मुलगी गप्प बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असते.

आज मी तुम्हाला याच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे, पण तो इंग्लंडमधला. ‘एक विषय जादा घ्यावा का’ यावर तिकडे शंभर वर्षं वाद चालू आहे. त्यावर समित्या बसल्या, अहवाल निघाले, परीक्षा बदलल्या आणि परत फिरवल्या. त्यांनी काय काय करून पाहिलं आणि त्यातून काय निघालं, हे कळलं तर आपल्या घरातली चर्चा थोडी सोपी होईल.

आधी तिथली पद्धत समजून घेऊ. इंग्लंडमध्ये मूल अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जातं. त्या शाळेतल्या इयत्तांना पूर्वी ‘फॉर्म’ म्हणायचे. पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म, असं करत पाचव्यापर्यंत. पाचवा संपला की मूल सोळा वर्षांचं व्हायचं आणि मोठी परीक्षा द्यायचं. त्यानंतर थोडीच मुलं पुढे शिकायला शाळेत थांबायची. ती मुलं सहाव्या फॉर्ममध्ये, म्हणजे ‘सिक्स्थ फॉर्म’मध्ये जायची. हा सहावा फॉर्म दोन वर्षांचा असतो, खालचा सहावा आणि वरचा सहावा. आता तिथे इयत्तांची नावं बदलली, पण सिक्स्थ फॉर्म हे नाव टिकून आहे. आपली अकरावी-बारावी म्हणा ना.

पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीला भाषा धरून सहा-सात विषय असतात. तिकडे सिक्स्थ फॉर्ममध्ये मूल साधारण तीनच विषय शिकतं. इंग्रजीसुद्धा सक्तीची नाही. कुणी गणित, भौतिक आणि रसायन घेतं, कुणी इतिहास, फ्रेंच आणि भूगोल. दोन वर्षं त्या तीन विषयांत खोलवर जायचं आणि शेवटी ‘ए लेव्हल’ नावाची परीक्षा द्यायची. तीनच विषय असल्यामुळे चौथा घ्यायचा का, हा प्रश्न तिथे फार मोठा होतो. चौथा म्हणजे थोडा जादा अभ्यास नव्हे, तर एकतृतीयांश ओझं वाढणं.

या इतिहासाची सुरुवात मी एका मुलीपासून करते. तिचं नाव डोरोथी क्रोफूट. जन्म १९१०चा, इजिप्तमधल्या कैरो शहरातला, कारण वडील तिकडे शिक्षण खात्यात नोकरीला होते. पुढे वडिलांची नोकरी सुदानला गेली. आईवडील परदेशी आणि चार बहिणी इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे, असं त्यांचं बालपण गेलं. १९२१ साली डोरोथी बेकल्स नावाच्या छोट्या गावातल्या शाळेत दाखल झाली. सफोक परगण्यातलं हे गाव. शाळा मुलामुलींची एकत्र होती, पण रसायनशास्त्राच्या तासाला मुलगे बसायचे. मुलींसाठी तो विषय नव्हता. डोरोथीला आणि तिच्या एका मैत्रिणीला, फक्त दोघींना, मुलांबरोबर त्या तासाला बसायची परवानगी मिळाली. गंमत म्हणजे रसायन शिकवायला बाईच होत्या.

तो काळ कसा होता बघा. १९२३ साली इंग्लंडच्या सरकारी सल्लागार समितीनं एक अहवाल दिला. माध्यमिक शाळेत मुलांचा आणि मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का, हाच त्याचा विषय. त्या अहवालात असं लिहिलं गेलं की मुलींना घरकाम मुलांपेक्षा जास्त असतं, त्यांना अभ्यासाचा ताण लवकर जाणवतो, म्हणून त्यांना जरा सवडीनं शिकू द्यावं. म्हटलं तर यात काळजी आहे. पण आपण बायकांनी ते वाक्य पुन्हा एकदा नीट ऐकावं. दोन मुलांना सारखाच अभ्यास असेल आणि त्यातल्या एकीला वरून धुणीभांडी असतील, तर दमणूक अभ्यासानं झाली की धुण्याभांड्यानं? ताण कमी करायचा तर दोन्हींतलं कुठलं काम कमी करायचं? हा प्रश्न आपल्याला शेवटी परत लागणार आहे.

डोरोथी शाळा संपवत आली तेव्हा तिनं ठरवलं, रसायनशास्त्रच शिकायचं, आणि तेही ऑक्सफर्ड विद्यापीठात. तिथे बायकांना पदवी मिळायला लागून उणीपुरी सात-आठ वर्षं झाली होती. १९२०च्या आधी बायका तिथे शिकत, परीक्षा देत, पास होत, पण पदवी देत नसत. आपल्या नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात कायदा शिकायला गेल्या. १८९२ साली परीक्षा दिली, आणि पदवी हातात पडली १९२२ साली. तीस वर्षांनी. डोरोथीला याच सॉमरव्हिल कॉलेजात जायचं होतं.

पण वाटेत एक भिंत होती. ऑक्सफर्डच्या प्रवेशाला लॅटिन भाषा लागायची. रसायन शिकायचं असलं तरी लॅटिन आलीच पाहिजे. मोठ्या घरच्या मुलांच्या शाळांत लॅटिन लहानपणापासून शिकवत. बेकल्सच्या शाळेत डोरोथीनं ती शिकलेली नव्हती. वरून विज्ञानाचा आणखी एक विषयही हवा होता. म्हणजे जादा विषय एक नाही, दोन.

मग काय झालं? शाळेचे मुख्याध्यापक वॉटसन यांनी स्वतः वेळ काढून तिला लॅटिन शिकवलं. दुसरा विषय वनस्पतिशास्त्र, तो तिच्या आईनं शिकवला. ही आई कोण होती, हे सांगायला हवं. तिचं नाव मॉली. ती कधी विद्यापीठात गेली नव्हती. तरुणपणी तिनं सुईणीचं प्रशिक्षण घेतलं होतं. नवऱ्याबरोबर सुदानला गेल्यावर तिथल्या रानफुलांची चित्रं काढत काढत ती वनस्पती शिकली, आणि तिथल्या बायकांकडून सूतकताई आणि विणकाम शिकली. पुढे या दोन्ही विषयांवर तिची पुस्तकं निघाली. जुन्या काळच्या कापडांची जाणकार म्हणून अभ्यासक तिला मानू लागले. पदवी नसलेल्या या आईनं स्वतः जे बघून, हातानं करून शिकलं होतं, ते मुलीच्या प्रवेशपरीक्षेला कामी आलं. तिनंच डोरोथीच्या सोळाव्या वाढदिवसाला विज्ञानाचं एक पुस्तक दिलं होतं. क्ष-किरणांनी पदार्थाच्या आतली रचना कशी बघता येते, हे त्या पुस्तकातून मुलीला पहिल्यांदा कळलं.

१९२८ साली डोरोथी ऑक्सफर्डला गेली. पुढे लग्नानंतर ती डोरोथी हॉजकिन झाली. क्ष-किरणांच्या साह्यानं पेनिसिलिनची रचना तिनं शोधली. मग बी-१२ जीवनसत्त्वाची. अशक्तपणासाठी दवाखान्यात आपल्यातल्या कितीजणींनी बी-१२चं इंजेक्शन घेतलं असेल! १९६४ साली हॉजकिनबाईंना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा तिथल्या एका वर्तमानपत्रानं मथळा दिला की ऑक्सफर्डच्या गृहिणीला नोबेल. असो. साखरेच्या आजारावरच्या इन्सुलिनचा पहिला क्ष-किरण फोटो त्यांनी १९३४ साली काढला होता, त्याची पूर्ण रचना उलगडली १९६९ साली. पस्तीस वर्षं एक विषय धरून बसल्या. विज्ञानाचं नोबेल मिळालेल्या त्या आजवरच्या एकमेव ब्रिटिश बाई आहेत.

तर ही झाली जादा विषयाची पहिली गोष्ट. यात काय काय जुळून आलं ते बघा. मुलीला काय व्हायचंय ते ठरलेलं होतं. त्या दारावर कोणता विषय मागतात तेही माहीत होतं. शिकवणारं माणूस होतं. आणि अभ्यासाला लागणारा वेळ घरानं दिला. लॅटिनची त्यांच्या रसायनशास्त्राला तशी गरज नव्हती. ते दाराचं कुलूप होतं आणि त्याची किल्ली मिळवावी लागली, इतकंच. ऑक्सफर्डनं हे कुलूप १९६० साली काढून टाकलं. तोवर किती हुशार मुली त्या दारातून परत गेल्या असतील, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

अशीच आणखी एक मुलगी, ग्रँथम नावाच्या गावातल्या किराणा दुकानदाराची. तिलाही सॉमरव्हिल कॉलेजात रसायन शिकायचं होतं, तीही लॅटिनपाशी अडली. खास शिकवणी लावून तिनं थोडक्या काळात लॅटिन केलं आणि १९४३ साली प्रवेश मिळवला. तिथे हॉजकिनबाई तिच्या शिक्षिका होत्या. ही मुलगी म्हणजे पुढे इंग्लंडच्या पंतप्रधान झालेल्या मार्गारेट थॅचर. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

आता परीक्षेकडे वळू. १९१८पासून तिथे शाळेच्या शेवटी सर्टिफिकेटची परीक्षा होती. तिचा नियम असा की विषयांचा गट एकत्र पास व्हावा लागे. एका विषयात गेलात तर सगळं सर्टिफिकेट गेलं. अशा वेळी जादा विषय कोण घेणार? १९५१ साली ही पद्धत गेली आणि ए लेव्हल आली. आता प्रत्येक विषय सुटा झाला. जेवढ्यात पास व्हाल तेवढ्यांचं प्रमाणपत्र. म्हणजे किती विषय घ्यायचे याचं बंधन कायद्यात राहिलं नाही. तरी हळूहळू तीन हा आकडा पक्का झाला, कारण विद्यापीठं तीन विषयांचे गुण बघू लागली. १९५९ साली क्राउथर समितीनं या पद्धतीची बाजू घेतली. थोडे विषय घ्यावेत पण खोल शिकावेत, असं तिचं म्हणणं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र त्याच वयाची मुलं साधारण पाच विषय घेत होती. म्हणजे तीन हा काही निसर्गाचा नियम नव्हता. एका देशानं लावून घेतलेली ती सवय होती.

या तीन विषयांत मुली कुठे होत्या? कायद्यानं अडवलं नव्हतं, पण वेळापत्रक अडवत होतं. पुष्कळ शाळांत ज्या तासाला मुलगे सुतारकाम शिकत, त्याच तासाला मुली शिवण आणि स्वयंपाक शिकत. १९७५ साली तिथे स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदा आला. त्याच वर्षी शाळा तपासनिसांनी एक पाहणी प्रसिद्ध केली, आणि तिच्यात एक विचार करायला लावणारी गोष्ट निघाली. मुलामुलींच्या एकत्र शाळांत भौतिकशास्त्र शिकायची सोय मुलींना जास्त होती. निव्वळ मुलींच्या शाळांत ती सोय कमी होती. पण सोय असूनही एकत्र शाळेतल्या मुली भौतिक घेत नव्हत्या, आणि जिथे फक्त मुली होत्या तिथल्या मुली, सोय मिळाली की घेत होत्या.

याचा अर्थ काय? दार उघडं असणं वेगळं आणि त्या दारातून आपण जायचं असतं असं मुलीला वाटणं वेगळं. वर्गात मुलगेच मुलगे दिसले की मुलीला वाटतं, हे आपलं नाही. आजही इंग्लंडमध्ये ए लेव्हलला भौतिक घेणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांत मुली पंचवीससुद्धा नसतात. कायदा होऊन पन्नास वर्षं झाली तरी ही स्थिती आहे. म्हणून ‘तिलाच नको होतं’ असं आपण म्हणतो तेव्हा जरा थांबावं. तिला नको होतं, की तिनं आधीच ओळखलं होतं की हे आपल्याला कुणी देणार नाही?

१९८०च्या दशकात बऱ्याच लोकांना वाटू लागलं की तीन विषय फार कमी झाले. सोळाव्या वर्षीच मुलानं विज्ञान सोडलं किंवा भाषा सोडली, की ती वाट जवळजवळ कायमची बंद. १९८८ साली हिगिन्सन समितीनं सुचवलं की प्रत्येक विषय थोडा आटोपशीर करा आणि मुलांना पाच विषय घेऊ द्या. सरकारनं ते लगेच फेटाळलं. तेव्हा पंतप्रधान होत्या थॅचर, लॅटिन जादा शिकून दारातून आत गेलेल्या त्याच थॅचर. ए लेव्हल हे सोन्याचं नाणं आहे, त्याला हात लावायचा नाही, अशी त्यांच्या सरकारची भूमिका होती.

मग २००० साली पुढच्या सरकारनं मधली वाट काढली. सिक्स्थ फॉर्मचं पहिलं वर्ष आणि दुसरं वर्ष वेगळं केलं. पहिल्या वर्षी चार विषय घ्यायचे, त्यांची परीक्षा द्यायची आणि अर्धं प्रमाणपत्र मिळवायचं. दुसऱ्या वर्षी एक विषय सोडायचा आणि तीन पुढे न्यायचे. चौथा विषय आता धाडसाचा राहिला नाही, तो रिवाज झाला. कल्पना चांगली होती. विज्ञान घेतलेली मुलगी एक वर्ष तरी इतिहास शिकेल, इतिहास घेतलेला मुलगा एक वर्ष गणित करेल. आणि एक वर्ष करून बघितल्यावर कोणता विषय आपला, हे कळेल. सोळा वर्षांच्या मुलाला ते आधीच कसं कळावं?

पण ओझंही वाढलं. आधी दोन वर्षांत एकदा मोठी परीक्षा होती, आता दर वर्षी झाली. शाळांचा बराच काळ परीक्षांतच जाऊ लागला. खेळ, नाटक, वाचन यांना वेळ उरेना अशी तक्रार शिक्षक करू लागले. २००२ साली निकालांत गुण देण्यावरून मोठा गोंधळ झाला. सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या श्रेणी बदलाव्या लागल्या, परीक्षांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांना जावं लागलं, आणि ऑक्टोबरमध्ये शिक्षणमंत्री एस्टेल मॉरिस यांनी राजीनामा दिला.

ती पद्धत तरी पंधरा वर्षं टिकली. ती कशी संपली तेही सांगते, कारण त्यात पैशाचा भाग आहे. २०१३पासून सरकारनं सिक्स्थ फॉर्मच्या शाळांना विद्यार्थ्यामागे ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. आधी विद्यार्थी किती विषय घेतो यावर पैसे अवलंबून असत. आता मुलगी तीन विषय घेवो की चार, शाळेला मिळणार तेवढंच. मग चौथ्या विषयाच्या शिक्षकाचा पगार कुठून काढायचा? २०१५पासून परीक्षाही बदलली. पहिल्या वर्षाचे गुण अंतिम निकालात धरणं बंद झालं, परत दोन वर्षांनी एकच परीक्षा. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि चौथा विषय झपाट्यानं मागे पडला. बहुतेक मुलं आता पहिल्या दिवसापासून तीनच विषय घेतात. कुणी म्हणेल मुलांची हौस कमी झाली. हौस तीच होती, शाळेचा हिशेब बदलला.

आज तिथे चौथा विषय कोण घेतं? मुख्यतः ज्यांना गणितात पुढे जायचंय ते. तिथे साध्या गणिताशिवाय ‘फर्दर मॅथ्स’ म्हणून आणखी एक गणित असतं, पुढचं आणि अवघड. केंब्रिजसारख्या विद्यापीठात गणित शिकायचं तर ते लागतंच. पण छोट्या शाळेत हा विषय घेणारी एक-दोन मुलं असतात, त्यांच्यासाठी शिक्षक ठेवणं परवडत नाही. म्हणून २००५ साली देशभर एक व्यवस्था उभी केली. ज्यांच्या शाळेत फर्दर मॅथ्स नाही, त्यांना बाहेरून तो विषय शिकता यावा अशी सोय झाली. बेकल्सच्या मुख्याध्यापकांनी एका मुलीसाठी जे केलं, ते या वेळी देशपातळीवर केलं असं म्हणा. बहुतेक इतर अभ्यासक्रमांना मात्र तिथली विद्यापीठं तीन विषयांचेच गुण मागतात. तीन चांगले असतील तर चौथा नसला म्हणून दार बंद होत नाही. उलट चौथ्याच्या ओढाताणीत तिन्हींचे गुण घसरले तर दार बंद होऊ शकतं.

आता जरा आपल्या देशाकडे या. इंग्लंडमधल्या १९२३च्या समितीनं जो प्रश्न विचारला होता, तोच आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर विचारला गेला. मुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का? त्यासाठी नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष होत्या हंसाबेन मेहता. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ असे शब्द आले, तेही त्यांच्याच आग्रहानं. त्यांच्या समितीनं १९६२ साली स्पष्ट सांगितलं की विषय ठरवायचा तो ज्याच्या त्याच्या कुवतीवर आणि आवडीवर. मुलगा की मुलगी, यावर अभ्यासक्रम वेगळा करायची गरज नाही. पुढे कोठारी आयोगानंही हे मान्य केलं. म्हणजे तुमच्या-माझ्या मुलीला अकरावीला गणित घ्यायचं असेल, तर ती कुणाची मेहेरबानी नाही. साठ वर्षांपूर्वीच ते ठरलेलं आहे.

तर मग घ्यावा का जादा विषय? या शंभर वर्षांच्या गोष्टीतून मला एक दिसतं. जादा विषय म्हणजे मान नव्हे, आणि शिक्षाही नव्हे. तो कशासाठी आहे, हे माहीत असेल तर उपयोगाचा. नुसतं ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून घेतला तर तो बाकीच्यांचा वेळ खातो. आपल्याकडे इंजिनिअरिंगला गणित लागतं, डॉक्टरकीला जीवशास्त्र लागतं. मुलीचं एक नक्की असेल तर दुसऱ्याचं ओझं कशाला? पण तिचं अजून ठरलेलं नसेल, तिला दोन्हींची खरी गोडी असेल, तर दोन्ही घेणं म्हणजे निर्णयाला दोन वर्षांची मुदत घेणं. तेही शहाणपणाचंच. नियम मात्र बदलत असतात. शेजारच्या मुलीला तीन वर्षांपूर्वी जे सांगितलं त्यावर जाऊ नका. ज्या कोर्सला जायचंय त्याची त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा, कॉलेजात जाऊन विचारा.

आणि विचारताना हेही विचारा की तो विषय कॉलेजात प्रत्यक्ष शिकवला जातो का. कागदावर विषय असतो, तासाला शिक्षक नसतो, असं अनेक गावांत होतं. मग खाजगी क्लास लागतो, क्लास तालुक्याला असतो, आणि शेवटची एसटी सहाला सुटते. डोरोथीकडे लॅटिन शिकवणारे मुख्याध्यापक होते म्हणून लॅटिन झालं. शिकवणारं कुणी नसताना विषय घ्यायला लावणं म्हणजे मुलीला दोराशिवाय विहिरीवर पाठवणं.

राहिला तो मघाचा प्रश्न, दमणूक कशानं होते याचा. मुलीला जादा विषय झेपेल का, असं आपण विचारतो तेव्हा तिच्या डोक्याकडे बघतो. बघायला पाहिजे तिच्या दिवसाकडे. पहाटे पाणी कोण भरतं? कॉलेजातून आल्यावर भाकऱ्या कोण थापतं? धाकट्याचा अभ्यास कोण घेतं? एका जादा विषयाला रोज दीड-दोन तास लागतात असं धरा. ते तास दिवसातून कुठून तरी काढावे लागतात. कामं तशीच ठेवली तर ते तिच्या झोपेतून जातात, आणि मग सहा महिन्यांनी आपणच म्हणतो, बघा, नाही झेपलं. तिचा भाऊ पाणी भरू शकतो. त्यालाही दोन हात आहेत.

आणि सगळं विचारून झाल्यावर मुलगी म्हणाली, मला नकोय जादा विषय, तर तेही ऐका. फक्त एवढं खात्री करून घ्या की ती विषयाला नाही म्हणतेय. घरातली कामं आणि फीचा आकडा बघून आपली गैरसोय होऊ नये म्हणून ती नाही म्हणत असेल, तर ते तिचं उत्तर नव्हे. ते आपणच तिच्या तोंडी घातलेलं असतं.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की थोडा वेळ यावर बोला. कुणाच्या घरी यंदा दहावीची मुलगी आहे, गावातल्या कॉलेजात कोणता विषय खरोखर शिकवतात, तालुक्याला जाणाऱ्या मुली किती, त्यांना एकत्र पाठवता येईल का. एकेकीच्या घरात हा प्रश्न फार जड होतो. गटात मांडला तर निदान एसटीला सोबत मिळते.